धनंजयराव गाडगीळ आणि व्यवहाराची किंमत

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या दरम्यान खुटबाव हे लहानसे स्थानक लागते. मुळा-मुठेच्या आणि मुठा कालव्यांच्या पाण्यावर पोसलेला दौंड तालुक्याचा हा भाग उसाचा आहे. साखर कारखाने जवळ असूनही गुऱ्हाळांची चुलवणे जेथे अद्याप विझलेली नाहीत, अशा मोजक्या मुलखांत त्याची गणना होते. हंगाम तोंडावर आला की येथील शेतकऱ्याला ठरवावे लागते, ऊस कारखान्याला घालावयाचा की गुऱ्हाळाला?

वरवर पाहता हा केवळ भावाचा प्रश्न आहे. टनाला कारखाना काय देतो आणि गुऱ्हाळवाला काय देतो, हे दोन आकडे शेजारी मांडले की उत्तर मिळावयास हवे. प्रत्यक्षात शेतकरी एवढ्यावर थांबत नाही. तोड केव्हा येणार, ती लांबली तर वजन किती घटणार, टोळीला खुशाली किती मोजावी लागणार, काटा कोणाचा, बिल केव्हा निघणार आणि रान गव्हासाठी वेळेवर मोकळे होणार की नाही, हे सारे तो मनाशी मांडतो. गुऱ्हाळवाला पैसे लवकर हाती ठेवतो, पण गुळाचा बाजार पडला की त्याचा भावही लागलीच खाली येतो. यांपैकी एकही बाब जाहीर झालेल्या दरात दिसत नाही. तरीही निर्णय पुष्कळदा याच बाबींवर होतो.

वस्तूच्या किमतीखेरीज व्यवहार जुळविण्याला, घासाघीस करण्याला, दिलेला शब्द पाळला जातो की नाही यावर नजर ठेवण्याला आणि तो मोडल्यास निस्तरण्याला जो खर्च पडतो, त्याला अर्थशास्त्रात व्यवहारखर्च म्हणतात. रोनाल्ड कोस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये एका निबंधात असा प्रश्न उपस्थित केला होता, की बाजार जर सर्व काही पुरवू शकतो, तर उद्योगसंस्था मुळात अस्तित्वात येतातच कशाला? प्रत्येक काम बाहेरून का करवून घेतले जात नाही? त्याचे उत्तर असे होते, की बाजाराचा वापर फुकट नसतो. तो जेथे महाग पडतो तेथे काम घरात घेतले जाते आणि घरातला कारभार महाग पडू लागला की ते पुन्हा बाहेर सोपविले जाते. या विचाराच्या थोरवीबद्दल कोस यांना १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांचा निबंध प्रसिद्ध होण्याच्या चार वर्षे आधीच पुण्यातील एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने याच प्रश्नाला मंडईच्या बाजूने हात घातला होता. आणि पुढे त्याने एका मोठ्या संस्थेच्या रूपाने त्याचे उत्तरही उभे करून दाखविले. तो अर्थशास्त्रज्ञ म्हणजे कै. धनंजयराव गाडगीळ.

केंब्रिजहून मंडईकडे

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १९०१ मधला. नागपुरात शालेय शिक्षण झाल्यावर ते केंब्रिजला गेले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. स्वदेशी परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी अल्पकाळ नोकरी केली आणि १९२५ पासून पाच वर्षे सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळ आले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, तेथे राहिले.

त्या काळी आपल्याकडील अर्थशास्त्राचे अध्यापन प्रायः इंग्रजी ग्रंथांतील सिद्धांतांवर चालत असे. गाडगिळांनी संस्थेला निराळे वळण लावले. सिद्धांत मांडण्यापूर्वी गावात, बाजारात, चाळीत जावे, माणसांना विचारावे, मोजावे आणि मग लिहावे, असा त्यांचा दंडक होता. १९३३ मध्ये पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ मध्ये मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतुकीची पाहणी आली. पुढे पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी झाली आणि गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास १९४८ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर पडला.

यांतील फळबाजाराचा विषय आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. खेड्यातला बागायतदार आणि शहरातला गिऱ्हाईक यांच्यामध्ये दलाल, आडते, घाऊक आणि किरकोळ व्यापारी अशी साखळी असते. बाजारांतून रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत तेव्हा सर्वश्रुत होती. माल कितीला गेला हे मालाच्या धन्याला कळावे, अशी त्या रीतीत सोयच नव्हती. अशा वेळी दलालाला सरसकट लुटारू ठरविणे सोपे असते. पण दलाल जे घेतो त्याचे दोन भाग पाडावे लागतात. एक भाग खऱ्या कामाचा मोबदला असतो. नाशवंत मालाला गिऱ्हाईक शोधणे, उधारी अंगावर घेणे, माल उतरवून घेणे ही कामे कोणी तरी करावीच लागतात. दुसरा भाग शेतकऱ्याच्या अगतिकतेची किंमत असतो. बाजारभाव त्याला ठाऊक नसतो, माल परत नेणे परवडत नाही आणि बहुधा त्याच दलालाची उचलही त्याच्या डोक्यावर असते. दलालाला हाकलून दिल्याने पहिला खर्च नाहीसा होत नाही. दुसरा मात्र संस्था बदलल्याने कमी होऊ शकतो. उघड लिलाव, खरा काटा आणि लेखी पट्टी यांची तजवीज करणारा मुंबई इलाख्याचा बाजार कायदा १९३९ मध्ये आला, त्यामागील तर्क हाच होता.

उसाची अडचण

फळांचे जे झाले ते उसाच्या बाबतीत अधिक तीव्रतेने होत होते. तोडलेल्या उसातील साखर पहिल्याच दिवसापासून उतरू लागते आणि त्याचे वजनही घटते. तो साठविता येत नाही, लांब नेणे परवडत नाही. बारा ते अठरा महिने रान अडवून वाढविलेले हे पीक जवळच्या एकाच कारखान्याच्या दारात उभे करावे लागले, की भाव ठरविण्याची शक्ती कारखानदाराकडे जाते. उलट कारखानदाराचीही अडचण असते. लाखोंची यंत्रसामग्री उभारल्यावर गव्हाणीत रात्रंदिवस ऊस पडला नाही तर त्याचे नुकसान होते. शेतकऱ्यांनी एखाद्या वर्षी गुळाचा भाव चढला म्हणून ऊस गुऱ्हाळाकडे वळविला, तर तो हात चोळीत बसतो. दोघेही एकमेकांच्या मुठीत सापडतात. आणि पुढील पंधरा वर्षांत काय काय घडेल ते सारे नमूद करणारा करार कोणत्याही वकिलाला लिहिता येत नाही.

१९३२ मध्ये साखर धंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि दक्षिणेतील कालव्यांवर खासगी कारखाने वाढू लागले. या कारखानदारांनी वरील अडचणीवर आपल्या बाजूने तोड काढली. बेलापूर कंपनीने नगर जिल्ह्यात आणि शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने दौंडशेजारच्या इंदापूर तालुक्यात, ज्याला आज वालचंदनगर म्हणतात तेथे, शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकविला. शेतकऱ्याशी दरसाल घासाघीस करण्यापेक्षा शेती घरात आणणे त्यांना स्वस्त पडत होते. कारखानदाराच्या हिशेबाने हे चोख होते. मात्र जमिनीचा मालक आपल्याच रानावर मजूर होण्याची वेळ त्यातून येत होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ही पद्धत संपुष्टात आणली आणि त्या जमिनी राज्याच्या शेती महामंडळाकडे गेल्या, हा पुढचा इतिहास आहे.

प्रवरेकाठचा प्रयोग

हाच तर्क उलट दिशेनेही चालविता येतो, हे प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांनी ओळखले. कारखाना जर शेती घरात आणू शकतो, तर शेतीने कारखाना घरात का आणू नये? लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील हे या विचाराचे खरे कर्ते. शालेय शिक्षण बेताचे असलेल्या या शेतकऱ्याने १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी काढली होती. १९४५ मध्ये बेलापूर येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, ही कल्पना तेथून आकाराला आली. १९४८ च्या अखेरीस प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना. मुंबई राज्याचे तेव्हाचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांनी सरकारचे पाठबळ मिळवून दिले. अध्यक्षपद गाडगिळांनी स्वीकारले आणि सुमारे दशकभर ते सांभाळले. विखे पाटील त्यांचे सहकारी म्हणून काम पाहत राहिले.

पुण्यातील एका संशोधन संस्थेचा संचालक ग्रामीण कारखान्याचा अध्यक्ष होतो, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल. वस्तुतः त्या पदावर त्यांची गरज कशासाठी होती, हे पाहिले म्हणजे व्यवहारखर्चाचे मर्म कळते. शेतकऱ्यांना गोळा केलेले भागभांडवल बुडेल अशी धास्ती होती. सरकारला आणि कर्ज देणाऱ्या संस्थांना या अल्पशिक्षित बागायतदारांकडून एवढा मोठा उद्योग चालेल याची खात्री नव्हती. दोन्ही बाजूंना अविश्वासाची किंमत मोजावी लागत होती आणि ती इतकी होती, की तिच्यापायी कारखाना उभाच राहिला नसता. गाडगिळांच्या विद्वत्तेने आणि निःस्पृहतेने ती किंमत खाली आणली. त्यांच्या नावाचे तारण दोन्ही बाजूंना मान्य होते. विखे पाटलांचा शब्द गावोगाव चालत होता, गाडगिळांचा सचिवालयात. या दोन प्रकारच्या विश्वासांची भागीदारी हे प्रवरेचे खरे आरंभीचे भांडवल होय.

कारखान्याची घडीही याच धोरणाने बसली. सभासदाने लागणीची तारीख नोंदवावयाची, त्या क्रमाने तोड द्यावयाची, तोडणी-वाहतूक कारखान्याने करावयाची आणि अंतिम भाव हंगामाचा हिशेब पुरा झाल्यावर ठरवावयाचा. साखरेत जे जास्तीचे सुटेल ते उसाच्या भावातूनच सभासदाकडे परत जाणार असल्यामुळे भाव पाडण्यात कारखान्याला स्वारस्य उरत नव्हते, आणि ऊस अडवून धरण्यात शेतकऱ्याला. घासाघिशीचे मूळच उपटले गेले. पुढील दोन-तीन दशकांत हाच नमुना घेऊन पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले; दौंड तालुक्यात पाटसला भीमा सहकारी कारखाना झाला.

सावकार आणि सूत्र

पतपुरवठ्याच्या क्षेत्रातही गाडगिळांनी हीच दृष्टी वापरली. शेतीच्या कर्जपुरवठ्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी १९४५ मध्ये अहवाल दिला. पुढे गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शक समितीचे ते सदस्य होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातून असे दिसले, की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता, तर सावकारांचा जवळजवळ ७० टक्के. सहकारी संस्थांचा व्याजदर कमी असूनही असे का व्हावे? कारण सावकार दारात होता, त्याला ऋणकोची खडान्‌खडा माहिती होती, तो रात्री-अपरात्री पैसे देत होता आणि वसुलीसाठी त्याला कागद लागत नव्हता. त्याचे व्याज जबर होते, पण त्याच्याशी व्यवहार करण्याचा खटाटोप कमी होता. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया यांची साखळी एकमेकींत गुंफली पाहिजे, ही समितीची शिफारस या निदानातून आली. उसाच्या बिलातूनच सोसायटीचे कर्ज वळते करून घेण्याची जी पद्धत आज प्रत्येक ऊसकऱ्याच्या परिचयाची आहे, तिच्यात हेच तत्त्व आहे. वसुलीचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला, म्हणून कर्ज स्वस्त देता आले.

१९६६ मध्ये गाडगीळ राज्यसभेचे सदस्य झाले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी भूषविले आणि १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस गेले. राज्यांना केंद्राकडून मिळणारे योजनासाहाय्य तोपर्यंत पुष्कळ अंशी वाटाघाटींवर अवलंबून असे. ज्याची दिल्लीत ऊठबस अधिक, त्याच्या पदरात अधिक, अशी तक्रार राज्ये करीत. १९६९ मध्ये त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र ठरले: ६० टक्के लोकसंख्येनुसार आणि उरलेले प्रत्येकी १० टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांच्या विशेष अडचणी यांसाठी. सूत्र निर्दोष होते असे कोणी म्हणणार नाही. त्यात पुढे फेरफारही झाले. नियोजन आयोगही २०१५ च्या आरंभी इतिहासजमा झाला. पण सर्वांना आधी ठाऊक असलेला नियम एकदा ठरविला म्हणजे दरवर्षीची खटपट, वशिला आणि मनधरणी यांचा खर्च वाचतो, हा त्यामागील विचार मंडईच्या पाहणीपासून एकाच धाग्याने आलेला आहे. १९७१ मध्ये पद सोडून दिल्लीहून पुण्याकडे परतत असताना, ३ मे रोजी, आगगाडीतच त्यांचे निधन झाले.

हिशेब पुन्हा मांडावयास हवा

गाडगिळांना जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्यांनी उभारलेल्या नमुन्याचे आज काय झाले आहे, हे विचारल्यावाचून त्यांचे स्मरण पुरे होत नाही. कोस यांच्या विचाराचा दुसरा भाग आपल्याकडे विसरला गेला. घरात आणलेल्या कारभारालाही खर्च असतो. गरजेपेक्षा जास्त नोकरभरती, निवडणुकीच्या हिशेबाने दिली जाणारी तोड, काट्यावरचा संशय, कागदोपत्री लांबणारे बिल, कोणी प्रश्न विचारण्यापूर्वीच आटोपणारी वार्षिक सभा, हे सारे व्यवहारखर्चच होत. ते बाजारात न होता संस्थेच्या चार भिंतींत होतात, एवढाच फरक. १९८४ च्या आदेशाने प्रत्येक कारखान्याला ऊसक्षेत्र राखून मिळाले. सभासदाला दुसरीकडे जाण्याची वाट बंद झाल्यावर हा अंतर्गत खर्च कितीही वाढला तरी तो संचालकांना जाणवण्याचे कारण उरले नाही. १९९० च्या दशकात हे बंधन उठले, तेव्हा पुष्कळांची झाकली मूठ उघडी पडली. आजारी पडलेले कित्येक कारखाने कर्जफेडीसाठी विकले गेले किंवा भाड्याने दिले गेले. पाटसचा भीमा कारखानाही काही हंगाम बंद राहिला आणि २०२२ मध्ये दीर्घ मुदतीच्या कराराने एका खासगी उद्योगसमूहाकडे चालविण्यास गेला. आलेगाव आणि पाटेठाण येथे, म्हणजे त्याच तालुक्यात, खासगी कारखाने आधीच उभे राहिले होते.

दुसरी एक बाजू गाडगिळांच्या पिढीकडूनही दुर्लक्षित राहिली. कारखान्याने शेती आणि प्रक्रिया यांची सांगड घातली, परंतु तोडणीचे काम मात्र बाहेर सोपविले. बीड आणि नगरकडील जोडपी मुकादमाच्या उचलीवर बांधली जातात. कारखान्याचा करार मुकादमाशी, मुकादमाचा टोळीशी. माणसे गोळा करण्याचा आणि सांभाळण्याचा त्रास कारखान्याने टाळला, पण तो नाहीसा झाला नाही. उचल बुडाली तर कारखाना मुकादमाला धरतो, मुकादम मजुराला; आणि आजारपण, बाळंतपण, मुलांची शाळा यांचा भार ज्या कोपीत पडतो तेथे त्याचा हिशेब ठेवणारे कोणी नसते. काम बाहेर सोपविल्याने जो खर्च वाचला असे ताळेबंद दाखवितो, तो प्रत्यक्षात कोणाच्या तरी अंगावर ढकललेला असतो, ही गोष्ट आजच्या प्रत्येक कंत्राटी व्यवस्थेला लागू आहे. मग ती कारखान्याची असो, नगरपालिकेची असो की सरकारी रुग्णालयाची.

म्हणून सहकार संपला, आता खासगीकडे वळा, हा निष्कर्ष जितका उथळ आहे, तितकाच सहकार पवित्र आहे, त्याला हात लावू नका, हाही आहे. भाड्याने दिलेल्या कारखान्याच्या सभासदाला करार वाचण्याचा, भाडे कोठे जाते आणि मुदत संपल्यावर यंत्रे कोणत्या स्थितीत परत मिळणार हे विचारण्याचा हक्क आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल मिळते की नाही, हे खासगी आणि सहकारी दोघांनाही सारख्याच कठोरपणे विचारले पाहिजे. काटा सर्वांसमक्ष तपासला गेला, नोंदवही सर्वांना पाहावयास मिळाली आणि तोडीचा क्रम फळ्यावर लागला, तर मालकी कोणाचीही असो, शेतकऱ्याचा निम्मा खर्च वाचेल.

खुटबावचा शेतकरी जेव्हा एखाद्या वर्षी कारखान्याचा सभासद असूनही ऊस गुऱ्हाळाला घालतो, तेव्हा त्याच्यावर निष्ठा सोडल्याचा ठपका ठेवण्याची घाई कोणी करू नये. बाजार महाग पडतो की संस्था, याचा तो त्या दिवसापुरता हिशेब मांडीत असतो. तोच हिशेब गाडगिळांनी आयुष्यभर मांडला. संस्थेचे नाव, तिचा इतिहास किंवा तिच्या अध्यक्षाचे वजन पाहून न थांबता तिच्याशी व्यवहार करण्याला सामान्य माणसाला प्रत्यक्षात काय पडते, हे त्यांनी दारोदार फिरून विचारले. आज तेच काम त्यांच्या पद्धतीने, तालुक्यातालुक्यात, पुन्हा करण्यासारखे आहे.